ताट पुढे जाऊ द्या

सूरज पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत अँप्लिफायर होता, आणि बूट काढायला हात मोकळे नव्हते. आत गाणं सुरू झालेलं. नव्या माणसाचं स्वागत करणं हे माझं काम, म्हणून मी दाराशी उभी होते. मला काय सुचलं कोण जाणे... मी खाली वाकले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. एका अनोळखी मुलाच्या! तिसऱ्या रांगेतून आई वळून बघत होती. तिचे डोळे अजून आठवतात.

"राहू द्या न मॅडम," तो कानापर्यंत लाल होऊन म्हणाला. "मी प्रार्थनेले नाई आलो. हा दुरुस्त झाला, द्याले आलो."

"दारातून आत आले न तुमी? मंग पाहुणेच झाले," मी म्हणाले.

गडचांदूरला आमचं प्रार्थना भवन म्हणजे पूर्वीचं सिमेंटचं गोदाम. दर रविवारी सकाळी आम्ही साठ खुर्च्या पुसतो आणि पहिलं गाणं संपेपर्यंत त्यांवर पुन्हा धूळ बसते. बोर्डावर एवढंच लिहिलंय – सर्वांचं स्वागत. कुठला पंथ नाही, कुठलं मिशन नाही. हे चर्च कोणाचं, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. मी सांगते, कोणाचंच नाही, म्हणून सगळ्यांचं. सूरजनंही विचारलं, मीही सांगितलं. मग माझं पाठ झालेलं भाषण झालं: कुठेही बसा. कपड्यांचं काही नाही. गाण्याचे शब्द भिंतीवर दिसतील. दानाची पिशवी फिरेल, ती पाहुण्यांसाठी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट फिरतं, ते पुढे जाऊ द्या, कोणी काही म्हणणार नाही. शेवटी चहा आहे, पाहुण्यांना आधी.

मध्येच इस्तारी पास्टरांनी, म्हणजे सिमेंट कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या प्रेमळ म्हाताऱ्यांनी, नव्या पाहुण्याला उभं राहून नाव सांगायला लावलं. सूरज उभा राहिला. एस.टी. स्टँडजवळ साउंडच्या दुरुस्तीचं दुकान, गाव आरमोरीकडचं, घरचे तळ्यात मासे धरतात आणि थोडी धानाची शेती, असं सगळं एका दमात सांगून खाली बसला. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. असल्या टाळ्या त्याला दहावी पास झाल्यावरही मिळाल्या नव्हत्या, असं तो नंतर म्हणाला.

चहा पिताना मी त्याला पाहुण्यांचं कार्ड भरायला दिलं. नाव, गाव, फोन. पहिल्यांदाच आलात का, हो की नाही. आणि शेवटी, आम्ही कशासाठी प्रार्थना करू? तिथे मात्र तो थांबला. पेनचं टोपण चावत बराच वेळ उभा राहिला आणि मग लिहिलं – बहीण पुनमचं लग्न जमू दे.

मंगळवारी मी फोन केला. नव्या पाहुण्याला फोन करणं हेही माझंच काम, हे मी त्याला बोलता बोलता तीनदा सांगितलं.

"तीनदा काऊन सांगून राह्यली?" तो म्हणाला. "मी कुठी काय म्हटलो?"

मी फोन ठेवून दिला. मग दिवसभर हसू येत राहिलं आणि त्याचा रागही येत राहिला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. पुन्हा कार्ड मागून घेतलं आणि 'पहिल्यांदाच आलात का'च्या पुढे 'हो'वर खूण केली. मी डोळे वटारले तर म्हणतो, पाहुण्याले चहा आधी भेटते न. त्यानंतर दर रविवारी हेच. माइक त्यानं नीट केला, रविवारची प्रार्थना मोबाइलवरून थेट दाखवायला स्टँड बसवून दिला, गाण्यांचे शब्द त्याला पाठ झाले... तरी कार्डावर आपला पाहुणाच! एका कार्डावर त्यानं लिहिलं होतं – दारावरच्या मॅडमचा राग कमी होऊ दे. सगळी कार्डं आम्ही बुधवारी संध्याकाळी मोठ्यानं वाचतो आणि त्यावर प्रार्थना करतो. ते कार्ड मी पर्समध्ये लपवलं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवले प्याले असं ताट घेऊन मी मागच्या रांगांमधून फिरत होते. सूरजनं हात जोडले आणि ताट पुढे जाऊ दिलं. अगदी सांगितल्याप्रमाणे. पण त्याचा चेहरा उतरला. बाहेर चहाच्या वेळी म्हणाला, आमच्या घरी प्रसादाले नाई म्हनत नाई. आजी असती तं चापट मारली असती.

मी समजावलं, हा प्रसाद नव्हे. ज्याचा विश्वास आहे, ज्यानं बाप्तिस्मा घेतलाय, त्यानंच घ्यायचं.

"मंग तू ताट धरून येशील, अन् मी दर महिन्याले असाच हात बांधून बसू?"

"बस," मी म्हणाले.

जानेवारीतही तो तसाच बसला. तोवर आम्ही रोज बोलत होतो. मी काम करत होते त्या झेरॉक्सच्या दुकानात तो एकच कागद आणायचा, एकच प्रत काढायचा, आणि अर्धा तास उभा राहायचा. माझं त्याच्यावर प्रेम होतं. आता आडून कशाला सांगू? होतंच. आईला कळलं होतं आणि तिची एकच अट होती. मुलगा विश्वासातला पाहिजे. पास्टरही त्याशिवाय लग्न लावणार नव्हते. म्हणून मी रोज गुडघ्यांवर बसून त्याच्यासाठी विश्वास मागायचे. खरं म्हणजे मी नवराच मागत होते, पण देवासमोर तसं म्हणायची लाज वाटायची.

जानेवारीतच पुनमचं लग्न जमलं. मुलगा आरमोरीचा, तारीख मार्चची. सूरजनं सगळ्यांना पेढे वाटले. पास्टर म्हणाले, बघ, ऐकली तुझी.

आणि फेब्रुवारीचा पहिला रविवार आला. मी ताट घेऊन त्याच्या रांगेत पोचले. त्यानं हात जोडायला घेतले. मी पुढे जायला हवं होतं. पाहुण्यापुढे ताट थांबवायचं नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवते. पण मी थांबले... एक शब्द बोलले नाही, खूणही केली नाही, फक्त हललेच नाही.

सूरजनं ताटाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. डाव्या हातावर उजवा हात ठेवून भाकरीचा तुकडा घेतला. प्याला घेतला. आणि रस पिऊन झाल्यावर, तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा, हात डोक्यावरून फिरवला.

मी इतकी सुखावले की शेवटच्या रांगेला द्यायचंच विसरले. घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं. आईनं शेवयांची खीर केली. आम्ही दोघींनी त्या खिरीसोबत माझं लग्नही खाऊन घेतलं म्हणायचं.

कारण त्यानंच बसवलेल्या स्टँडवरच्या मोबाइलमध्ये ते सगळं आलं होतं. गुरुवारी तेवढाच तुकडा त्याच्या गावच्या ग्रुपवर फिरला. शुक्रवारी पुनमच्या सासरहून निरोप आला. तुमचा पोरगा नेमका कोणत्या धर्माचा झाला ते आधी सांगा, मग हळदीचं बघू.

शनिवारी दुपारी मी भवनात एकटीच खुर्च्या पुसत होते. तो आला. या वेळी बूट त्यानं स्वतः काढले.

उद्या बापानं बैठक बोलावली होती. मुलाकडचेही येणार होते. तिथे मी फोनवरून सांगावं, अशी त्याची विनंती होती. हा फक्त पाहुणा होता आणि चुकून घेतलं त्यानं, एवढंच.

"चुकून घेतलं का तू?" मी विचारलं.

तो खुर्चीवरच्या धुळीत बोटानं रेघा ओढत राहिला.

"तुह्या हातचं होतं म्हनून घेतलो. देवाचं मले काई माहीत नाई, डिंपल."

इतकं गोड मला आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. आणि इतकं कडूही. दोन महिने मी ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते त्याच्यात नव्हतंच. जे होतं ते सगळं माझ्यासाठी होतं, आणि तेवढ्यावर आमच्या भवनात लग्न लागत नव्हतं.

"मी मुद्दाम थांबली होती," मी म्हणाले.

"मले माहीत होतं."

"मंग काऊन घेतलं?"

"तू थांबली म्हनून."

मग मी विचारलं, मी सांगितलं तर पुढे काय? पुनमचं एकदा होऊ दे, तो म्हणाला, मग... मग बाप दुकान बंद कर म्हणतो, गावीच राहावं लागेल, तळं सांभाळावं लागेल. त्या 'मग'मध्ये मी कुठेच नव्हते. मला इतका राग आला की हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण त्याचे डोळे भरलेले होते. मी फडकं झटकलं आणि पुढची खुर्ची पुसायला घेतली.

"नाई सांगितलं तं?" मी पाठमोरीच विचारलं.

"तं पुनमचं मोडन."

रविवारी चहानंतर फोन आला. मी त्याची कार्डं हातात घेऊन बसले होते. समोर आई होती. पलीकडे त्याचे वडील, मुखरूकाका. त्यांनी फोनचा स्पीकर चालू केला होता, मागे माणसांचं खोकणं ऐकू येत होतं. आवाज मला वाटला होता तसा चिडका नव्हता. थकलेला होता.

"बाई, पोरगा म्हनते मी पाहुना होतो. खरं का?"

"हो काकाजी. दर रविवारी पाहुण्याचंच कार्ड भरलं त्यायनं. अकरा कार्डं भरले, सगळ्यांत पहिल्यांदाच आलो असं लिहिलं आहे. पाहिजे तं फोटो पाठवतो."

चेष्टेनं केलेल्या खुणा. त्या आज माझ्याच विरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या.

"अन् ते ताटातलं?"

"ते पाहुण्यापुढं थांबवाचं नसते. मी थांबवलं. त्यायनं प्रसाद समजून घेतलं. चूक माही आहे, त्यायची नाई."

पलीकडे कुजबुज झाली. कोणीतरी दुसऱ्याच माणसानं, बहुतेक मुलाकडच्यानं, विचारलं, म्हंजे तुमच्याकडचा नाई न तो?

सूरज तिथेच बसलेला असणार. मी क्षणभर वाट पाहिली. त्यानं काहीतरी म्हणावं, नुसतं खोकावं तरी... काहीच नाही.

"नाई जी," मी म्हणाले. "आमचे कोनी नाई ते. पाहुणे होते."

आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटतं मी तो फार घट्ट धरला होता.

मार्चमध्ये त्याचा एकच मेसेज आला, लग्न झालं. एस.टी. स्टँडजवळच्या त्याच्या दुकानाच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. मी अजूनही दाराशी उभी असते. कुठेही बसा, ताट पुढे जाऊ द्या, कोणी काही म्हणणार नाही. ताट घेऊन पाहुण्यापुढून मी इतकी भरभर जाते की पास्टर एकदा म्हणाले, पोरी, रस सांडशील.

लग्नाचा तो मेसेज आल्यानंतरच्या बुधवारी पास्टरांनी ऐकल्या गेलेल्या प्रार्थनांची कार्डं काढली. त्यात सूरजचं पहिलं कार्ड होतं. बहीण पुनमचं लग्न जमू दे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, देवाचे आभार मानले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दारावरच्या मॅडमचं कार्ड मात्र अजून माझ्या पर्समध्येच आहे. ते कोणी वाचलं नाही, त्यावर कोणी प्रार्थना केली नाही, आणि राग काही कमी झालेला नाही.