वॉर्ड सातचा सूचक

वामनराव भोयरांच्या ओसरीवर चहाचा कप तसाच होता. वर बशी झाकलेली. बशी उचलली तर चहावर जाड साय धरलेली. सायकल भिंतीला टेकून, फोन चार्जिंगला. माणूस तेवढा नव्हता.

"वावरातही नाई, विहिरीवरही नाई," अंजनाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्याशीच बसल्या. "खैरुनबी, मी तर बुडाली."

साडेअकरा वाजले होते.

अर्ध्या तासापूर्वी मोहटोला नगरपंचायतीत अर्जांची छाननी सुरू झाली होती. मावळत्या नगरसेवकाचा माणूस, पत्रू, उठून उभा राहिला. त्याची हरकत एका ओळीची होती. वॉर्ड सातच्या उमेदवार अंजनाबाई मेश्राम यांच्या अर्जावर सूचक म्हणून वामनराव भोयरांची जी सही आहे, ती त्यांची नाही. निवडणूक अधिकारी मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. सूचकाने तीनच्या आत समोर येऊन सही आपलीच असल्याचं सांगावं. नाही आला, तर अर्ज बाद.

वॉर्ड सातमधली बावीस घरं झुडपी जंगलाच्या जमिनीवर उभी होती. जमिनीचा पट्टा कोणाकडेच नव्हता. तिथे बाजाराचे गाळे बांधायचा ठराव मागच्या वेळी एका मताने अडकला होता. नव्या सभेत तो पुन्हा येणार, हे गावाला ठाऊक होतं. त्याच्या विरोधात हात वर करीन, असं उघड म्हणणारी उमेदवार एकच. धानाच्या गिरणीत सूप चालवणारी अंजनाबाई.

त्या बाविसांतलं एक घर खैरुनबीचं. ब्लाउज शिवून एकेक भिंत उभी केलेली. आज सोमवार, तिचा रोजा होता. अकरा वर्षांत एकही सोमवार तिने सोडला नव्हता. ती आवाज चढवत नसे. आताही नाही.

"पिंकी, बेटा, बस. सकाळचं सांग."

वामनरावांची सून भिंतीला धरून बसली. तिला चौथा महिना होता. नवरा हैदराबादला कामाला.

"उजाडत होतं. धुकं होतं. कोणीतरी कुंपणापासून आवाज दिला, वामनभाऊ आहे का म्हणून."

"कोण होता?"

"शालीत गुंडाळलेला होता. तोंड नाई दिसलं. मी म्हटलं, आत या, चहा ठेवली आहे. तर फाटकाच्या आत पाय नाई ठेवला. पाणी देऊ म्हटलं, तेही नको म्हणला."

"मग?"

"मामाजी गेले त्याच्याजवळ. परत आले तर चेहरा असा उतरला होता. मी विचारलं, काय झालं? काईच नाई म्हणले. डोक्यावर हात ठेवला, म्हणले, तू जिवाले जप. अन् निघून गेले. चहाही नाई घेतली, फोनही इथीच."

"काकू, हे पत्रूचंच काम आहे," फाटकातून कुलदीप म्हणाला. अंजनाबाईंच्या दिराचा मुलगा. काकीचे सगळे कागद तोच सांभाळायचा, फाइल त्याच्या काखेतच होती. "उचलून नेला बुढ्याले. मी चिमूरले त्याच्या बहिणीकडेही फोन केला. नवरा वारल्यापासून ती बाई उंबरठा ओलांडत नाई. तिथी नाई गेला तो."

"पोलिसात जायचं का?" अंजनाबाईंनी विचारलं.

"जाऊ. पण तीन वाजेपर्यंत पोलीस काय करते? अन् काकी, एवढी रडू नको. पूनमचा पर्यायी अर्ज आहेच ना. तुझा बाद झाला तरी पक्षाचं चिन्ह तिले भेटते. पद आपल्याच घरात राह्यते."

त्याची बायको पूनम मागे उभी होती. पिपरटोल्याची लेक, बारावी शिकलेली. ती खाली पाहत होती.

खैरुनबी आत गेली. भिंतीवर एक जुना फोटो होता. तरुण वामनराव, दोन्ही बाजूंना दोन वेण्या घातलेल्या दोन मुली.

"या कोण, पिंकी?"

"डावीकडची चिमूरची आत्याबाई. दुसरीचं नाव घरात कोणी काढत नाई. तिनं मनानं लग्न केलं होतं म्हणते."

खैरुनबीने फोटो जवळून पाहिला. पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलीने गुपचूप येऊन तिच्याकडून लग्नाचा ब्लाउज शिवून घेतला होता.

ती बाहेर आली ती सरळ बाजाराच्या वाटेला लागली. अजीमच्या कापडाच्या दुकानात ती अस्तर आणि धागे घ्यायची.

"आज सवेरे दुकान कितीला उघडलं, बेटा?"

"मत पूछो, खाला. सहाला वामनचाचांनी घरी येऊन उठवलं. म्हणले, आत्ताच्या आत्ता उघड."

"काय घेतलं?"

"नऊवारी लुगडं. हिरवं. मी म्हटलं, सुनेच्या डोहाळजेवणाले आत्ताच घाई? बोललेच नाई. पिशवीत टाकलं अन् बाहेर एक गाडी उभी होती, तिच्यावर बसले."

"रंग त्यांनीच सांगितला?"

"हो. दोनदा म्हणले. हिरवंच पाहिजे."

खैरुनबीने पदर सावरला.

"अजीम, तुझी मोटरसायकल चालू आहे ना? दुकानाचं शटर ओढ."

मग तिने हळू आवाजात एका गावाचं आणि एका बाईचं नाव सांगितलं. अजीमने शटर अर्ध्यावरच सोडलं.

"खाला, हे तुम्हाले कोणी सांगितलं?"

"लुगड्यानं. जा. अन् वाटेत कोणी विचारलं तर माल आणायला चाललो म्हण."

तेव्हा साडेबारा झाले होते. जाऊन येऊन छप्पन किलोमीटर, त्यात वैनगंगेच्या पुलावर काम चालू.

दोन वाजता नगरपंचायतीच्या आवारात मोहाच्या झाडाखाली सगळी वस्ती जमली होती. अंजनाबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. खैरुनबीने त्यांच्यापुढे पेला धरला.

"तुमचा रोजा आहे, अन् मी पिऊ?"

"माझा मी ठरवलेला आहे. तुमचा कशापायी?"

पत्रू पायरीवरून म्हणाला, "अंजनाबाई, सूप बरं होतं ना? हे कागदाचं काम." दोघं-तिघं हसले.

खैरुनबी पूनमजवळ सरकली.

"तुझ्या माहेरी फोन लागतो का गं?"

"नाई काकू. टॉवरच नाई तिथी. काऊन?"

"सहज."

पूनमने बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पुढे घेतल्या.

अडीच. पावणेतीन. आतून शिपायाने हाक दिली, "वॉर्ड सात." अंजनाबाई उठल्या. कुलदीप फाइल उघडून पर्यायी अर्जाची पोच चाचपत होता.

तेवढ्यात फाटकातून मोटरसायकल आत आली. पुढे धुळीने माखलेला अजीम. मध्ये वामनराव. मागे एक बाई, अंगावर कोरं करकरीत हिरवं लुगडं, घडीच्या रेघाही न मोडलेल्या.

वामनराव सरळ आत गेले. मॅडमसमोर कोऱ्या कागदावर तीनदा सही केली. मॅडमनी अर्जाशी ताडून पाहिली.

"हरकत फेटाळली. अर्ज वैध."

तीनला चार मिनिटं होती.

बाहेर आल्यावर अंजनाबाईंनी वामनरावांचे हात धरले. "भाऊ, कोणी नेलं होतं तुमाले?"

"कोणी नेलं नाई. मीच गेलो. इथी माझ्यापायी काय चाललं, मले काय माहीत?"

"मी सांगते," खैरुनबी म्हणाली. ती हळू बोलत होती, म्हणून लोक जवळ आले. "दारात येऊन फाटक ओलांडत नाही, चहा नाही, पाणी नाही, असा माणूस काय सांगायला येतो? मयतीचा निरोप. वामनभाऊंनी सुनेला सांगितलं नाही, कारण पोटुशीच्या कानावर मयत घालत नाहीत. फोन राहिला, चहा राहिली. पण दुकान मात्र उघडायला लावलं. भावाला मयतीला जाताना लुगडं कधी लागतं?"

"बहीण गेल्यावर," कोणीतरी म्हणालं. "माहेरचं शेवटचं."

"आणि हिरवं लुगडं नवरा असलेल्या बाईला. चिमूरची बहीण विधवा. मग ही धाकटी, बेबीबाई. पंचवीस वर्षं भाऊ तिच्याशी बोलला नाही, पण लुगडं घ्यायला पहाटे धावला."

वामनराव तोंड फिरवून उभे राहिले.

"बेबीबाईचं नाव आता गावात कोणी काढत नाही. ती राहते कुठे, हेही कोणाला माहीत नाही. मला माहीत, कारण ती ब्लाउज न्यायला आली तेव्हा सांगून गेली होती. मग खोटा निरोप धाडणाऱ्याला कसं कळलं? ती पिपरटोल्याला राहते. अन् या वॉर्डात पिपरटोल्याचं माणूस एकच आहे."

सगळ्यांच्या माना पूनमकडे वळल्या.

"तिथी फोन लागत नाही, म्हणून खरंखोटं विचारताही येत नाही. जो पोचला तो संध्याकाळच्या बसशिवाय परतत नाही. पत्रूने नुसती हरकत लिहिली. सूचक येणार नाही, हे त्याला अंजनाबाईंच्या घरातल्यानंच सांगितलं."

"मी नाई," पूनम पुटपुटली.

बेबीबाई पुढे आली. "भावाले गाडीवर आणून वेशीवर सोडलं, अन् परत पळाला. मी ओट्यावरूनच पाह्यलं. बिरजू होता तो. तुझाच भाऊ, पूनम. आमच्याच आळीतला."

पूनमने नवऱ्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

"काकी," कुलदीप म्हणाला, "तुले वाचता येत नाई. ठराव काय, कोणता, तुले कोणीही फसवलं असतं. पूनम शिकलेली आहे. पद घरातच राह्यलं असतं."

"अन् घरं?" खैरुनबीने विचारलं. "गाळे बांधताना बावीस घरांतलं कोणतं घर सोडू म्हणाले पत्रूचे लोक तुला?"

कुलदीपने फाइल मिटून काखेत घेतली. पत्रू पायरीवरून केव्हाच नाहीसा झाला होता.

वामनराव बहिणीच्या अंगावरच्या लुगड्याकडे पाहत होते. "मयतीचं होतं ते. काऊन नेसली?"

"मेल्यावर माहेरचं लुगडं कोणाले दिसते, भाऊ? म्हटलं, जित्तेपणीच पाहून घ्यावं."

अंजनाबाई कुलदीपसमोर जाऊन उभ्या राहिल्या. याला त्यांनी मांडीवर खेळवलं होतं. त्यांनी हात पुढे केला.

"फाइल दे."

त्याने दिली. त्यांनी ती उलटीच धरली, मग सरळ केली आणि मोहाखाली बसलेल्या खैरुनबीच्या मांडीवर ठेवली.

"वाचा. सगळं. मले समजेपर्यंत."

रोजा सुटायला अजून तीन तास होते. खैरुनबीने चष्मा पुसला आणि पहिल्या पानावरचं पहिलं नाव मोठ्याने वाचलं.