जिन्याखालची शैला

टेपरेकॉर्डरचा पट्टा मिळतो का हे विचारायला मी टावर चौकात गेले, तेव्हा दुकानदार हसला. "माताजी, इसको तो अब म्यूज़ियम में रख दो," म्हणाला. पण आतून शोधून आणला बिचाऱ्यानं. तो पर्समध्ये जपून ठेवून मी नानाखेड्याला घरी आले. घाई अशी कसलीच नव्हती. हे गेल्यापासून घरी माझी वाट बघणारं कुणी नाही आणि लेक पल्लवी बंगळूरला असते. मला फक्त यांचा आवाज ऐकायचा होता.

त्याचं असं आहे. आमच्या लग्नानंतर टीव्हीवर 'सीढ़ियों के नीचे' नावाची भुताची मालिका लागायची. माझी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संध्याकाळची ड्यूटी. माझी मालिका बुडू नये म्हणून हे टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून प्रत्येक भाग टेप करायचे. नुसत्या आवाजावरून हिला काय कळणार, म्हणून मध्येमध्ये कुजबुजून सांगायचे, "शैला, आता दिवा गेला बघ... जिन्याखाली कुणीतरी बसलंय... चेहरा नाही दिसत." दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मी ते ऐकायची. खरं सांगते, मालिकेपेक्षा मला ती कुजबुजच जास्त आवडायची.

पल्लवीनंच एकदा फोनवर सांगितलं, "आई, तुझ्या त्या सीरियलचे अजून फॅन आहेत. ग्रुप आहे त्यांचा. मूळ टेप्स कुणाकडेच नाहीत म्हणे." मी ग्रुपमध्ये लिहिलं, माझ्याकडे आवाज आहे. झालं! राजस नावाचा मुलगा इंदूरहून धावत आला. तो या मालिकेचं यूट्यूब चॅनल चालवायचा. सगळ्या कॅसेट त्यानं माझ्यासमोर बसून लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, दोनदा चहा प्यायला आणि माझं नावही न विचारता मला काकू काकू करत गेला.

आठवड्याभरात त्याचा फोन आला. "काकू, ग्रुपमध्ये सगळे पागल झालेत. तो मराठीत फुसफुसणारा माणूस कोण आहे? सीरियलमधलाच ना?"

मी लाजले. नवऱ्यानं आपल्याला नावानं हाक मारून कुजबुजलेलं परक्या मुलाला काय सांगायचं! "असेल बाबा," म्हटलं.

मग तो आवाज गावोगाव गेला. कुणी त्याची चित्रं काढली, कुणी त्याच्या हाकेची रिंगटोन केली. रोज जेवताना मी कॉमेंट वाचायची. लोक यांच्या आवाजाचं इतकं कौतुक करत होते की घास गोड लागायचा. किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं मला.

पण ग्रुपला एक प्रश्न छळत होता. हा माणूस शैलाशी इतकं बोलतो, मग शैला एकदाही उत्तर का देत नाही? एकानं लिहिलं, "क्योंकि शैला मर चुकी है. सीढ़ियों के नीचे वही बैठी है." त्याखाली हजारो अंगठे. मग कुणीतरी कॉम्प्युटरवर नवा भागच तयार केला. त्यात यांचाच आवाज होता, बनवलेला, आणि जिन्याखाली हिरव्या साडीतली, केस सोडलेली बाई. लाखो लोकांनी पाहिला तो.

मी राजसला फोन केला. आवाज चढला होता माझा. "अरे, शैला मी आहे! तो माझा नवरा होता. मी एक्स्चेंजमध्ये असायची, उत्तर कुठून देणार? सांग त्यांना."

त्यानं लिहिलं ग्रुपवर. उत्तरं आली, "वाह, क्या मार्केटिंग है!" आणि एक असंही, "शैला ने खुद फोन किया? भाई, दरवाज़ा मत खोलना."

त्या संध्याकाळी मी जुनी कॅसेट लावली. मोबाईलमधला आवाज नाही, घरातली कॅसेट. पट्टा नवा होता, आवाज स्वच्छ येत होता. दिवा गेल्याचं ऐकलं. मग हे म्हणाले, "जिन्याखाली कुणीतरी बसलंय... हिरवी साडी आहे."

मी पोळपाट बाजूला सारला. ही कॅसेट मला तोंडपाठ आहे. साडीचं यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. म्हटलं, शैलाबाई, वय झालं तुमचं.

पण दर खेपेला त्यांची कुजबुज थोडी बदलायची. ग्रुपवर लोक जे ठरवायचे ते दोन दिवसांत कॅसेटमध्ये ऐकू यायचं. त्यांनी ठरवलं की शैलाच्या अंगाला ओल्या मातीचा वास येतो, तर हे नाक ओढून म्हणाले, "कसला वास हा... मातीचा..." त्यांनी ठरवलं की तो माणूस तिला घाबरतो, आणि यांचा आवाज कापायला लागला. माझ्याशी बोलताना तो कधी कापला नव्हता हो. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

मागच्या आठवड्यात एका दिवेलागणीला ठरवलं, एकदाच बोलायचं. कॅसेट लावली. टेपच्या अगदी जवळ बसले. मालिकेचं संगीत नव्हतंच आता. फक्त यांचा श्वास.

"शैला... तूच आहेस ना? आता टेपजवळ येऊन बसलीयस..."

"हो," मी म्हटलं. "अहो, मीच आहे."

पलीकडे खुर्ची सरकली. काहीतरी पडलं, फुटलं. "कोण... कोण बोललं?"

"घाबरू नका. मी ड्यूटीवरून आलेय. जेवलात का?"

"जा," हे म्हणाले. रडत होते. "जा इथून... माझी शैला असं नाही बोलत..."

मग खटका दाबल्याचा आवाज झाला. टेप इकडे थांबली ती मी थांबवलेली नव्हती.

मी फोनमधून ग्रुप काढून टाकला. राजसनं त्याच्याकडचं सगळं पुसलं म्हणे. पण कुणाकुणाकडे काय काय उतरून गेलंय, ते कोण पुसणार? कॅसेट मी आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

चार दिवसांपूर्वी संध्याकाळी देवापाशी निरांजन लावलं, तर आतल्या खोलीतून पुटपुट ऐकू आली. आवाज यांचाच. देवाधर्माचं त्यांना कायम वावडं, त्यांच्या अस्थी रामघाटावर नेल्या त्याही माझ्याच समाधानासाठी. आणि हे आत भराभर रामनाम घेत होते, लहान मुलं अंधारात घेतात तसं. मी दाराकडे एक पाऊल टाकलं की आवाज मोठा व्हायचा. मागे सरले की हळू.

तेव्हापासून मी त्या खोलीत जात नाही. पावलं वाजू नयेत म्हणून घरात चपलाही घालत नाही. बाहेर ओसरीतच झोपते. यांना तरी थोडी झोप लागू दे.