मास्तरांची दुसरी टिचकी

१९९३ सालची गोष्ट. संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत ती नुकतीच लागली होती. पडदा किती उंच हवा, अक्षरं केवढी हवीत, माउस कुणाच्या हाताला कसा बसतो, हे लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना बसवून तपासायचं, हे तिचं काम. येईल त्याचं कोपर मोजायची, म्हणून सगळे तिला ‘मोजपट्टी’ म्हणायचे.

म्हाताऱ्यांसाठी तिने एक नवं साधन केलं होतं. तळहाताखाली फिरणारा मोठा गोळा आणि एकदाच दाबायचं रुंद बटण. माउसवर त्यांचे हात अडतात हे चाचणीत दिसलं, तरच कंपनी ते बनवणार होती.

चाचणीला चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आले. सोबत मुलगा, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा. मास्तरांच्या आधी हाच बाही सरसावून पुढे झाला. तुमचं वय यात बसत नाही, ती म्हणाली.

“बसेल तोवर थांबतो की.”

ती हसली नाही. पण पट्टी आपण उलटी धरली होती, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

मग दोघं रोज येऊ लागले. पडद्यावरचं चित्र उघडायला मास्तर माउसच्या बटणावर लागोपाठ दोन टिचक्या मारायचे. मुलगा शेजारी माउसची वायर सावरत बसायचा आणि हळूच तिच्याकडे बघायचा. तीही बघायची... लिहायचं सोडून.

बाकीचे म्हातारे कंटाळून गळाले, टिकले ते मास्तरच. आणि त्यांचा वेग निघाला तरण्या पोरांइतका! मग तुझा गोळा हवा कशाला, साहेब म्हणाले, काम बंद करू.

तिने हे सांगितलं तेव्हा मुलगा उठला. मास्तरांना बाहेर बसवून एकटाच परत आला.

“दुसरी टिचकी माझी असायची. वायर सावरता सावरता बटण मीच दाबायचो. बाबांचं बोट वेळेत पडत नाही. त्या हाताने जन्मभर चित्रं काढली हो... त्यांना लाजवावंसं वाटेना.”

“माझं सगळं काम पाण्यात गेलं, कळतंय का?”

“कळतंय. आणि खरं तेवढंच नाही – ते एकदा हरले असते तर परत आले नसते. मग मी कुठल्या निमित्ताने आलो असतो?”

तिने वहीत नवं पान काढलं.

“बाबांना आत पाठवा,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही बाहेर थांबा. जाऊ मात्र नका.”

मास्तरांना सगळं ठाऊकच होतं. पोरगा इतका रमला होता, म्हटलं बसू दे, एवढंच ते म्हणाले. मग एकटे माउसशी झगडले. बोट चुकलं, पुन्हा चुकलं. कानशिलं लाल झाली, पण ते उठले नाहीत. गोळ्यावर मात्र पहिल्याच दाबाला चित्र उघडलं. तिने दोन्ही निकाल जसेच्या तसे साहेबांपुढे ठेवले.

गोळा बाजारात आला. फार खपला नाही, पण वाचनालयांतून पुष्कळ वर्षं दिसायचा. निवृत्त होताना साहेबांनी स्वतःसाठी एक मागून नेला. मास्तर त्यावर चित्रं काढायचे आणि वाकडी आली की स्वतःच हसायचे. त्यांना जाऊनही आता फार वर्षं झाली. मोजपट्टीने चष्मेवाल्याशी लग्न केलं. आता दोघांत एकच संगणक आहे. पडदा तिच्या डोळ्यांना सोसेल इतका खाली लावलेला. त्याला मान वाकवून बघावं लागतं. इतक्या वर्षांत त्याने तो कधी वर सरकवलेला नाही.