खुन्याचं नाव

बसा रे पोरांनो. अग्निशामक दलाचे पाइप वाळेपर्यंत जायचंय कुठे? बिअर उघडा. सांगतोय ते आपल्या पाथरवटाचं आहे, किलियान रोडरचं. थाप मारायची असती तर तिच्यात माझीच चूक कशाला कबूल केली असती?

बारा नोव्हेंबर २०१३, मंगळवार. संध्याकाळी पाचला किलियान बीटाच्या शेतांकडच्या रस्त्यावर गेला, तिथला जुना दगडी क्रूस आणायला. बीटाच्या ट्रॉलीनं क्रूसाचा एक हात मोडला होता, तो जोडायचा. साधं काम. मी तेव्हा चर्चची घंटा वाजवायचो. फादर म्हणाले, "इग्नाझ, या क्रूसाच्या १४९१ च्या कराराची नक्कल किलियानला दे, साल कळेल." मी नेऊन दिली. तीच माझी चूक.

करारात सगळं होतं. हान्स ड्युरबेकनं भांडणात शेजाऱ्याचा जीव घेतला. मयताच्या घरच्यांनी समेट केला, पण अटींवर. मयतासाठी चर्चमध्ये मिस्सा-प्रार्थना, वीस पौंड वजनाच्या मेणबत्त्या, आखेनच्या तीर्थापर्यंत अनवाणी यात्रा, आणि मारलं त्या जागी स्वतः घडवलेला क्रूस. एवढं फेडलं की पुढे कुणी खुनी म्हणून त्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणून असल्या दगडांवर खुन्याचं नाव नसतं.

किलियान भडकला. "वा रे वा! खून केला आणि नाव गुलदस्त्यात? मी कोरतो."

"अरे, फेडलंय त्यानं."

"फेडलं म्हणून मेलेला उठला का?"

तो हान्सबद्दल बोलतच नव्हता. त्याच्या पोरानं, लोरेन्झनं, दारू पिऊन गाडी चालवली आणि एगिड पोस्टमनला उडवलं; एगिड जागीच गेला. दोन वर्षं तुरुंगात काढून पोरगा सप्टेंबरात घरी आला, तर बाप त्याच्याशी एक शब्द बोलेना. पोरगा तिसऱ्या मजल्यावर कोंडून घेतलेला, जेवणाचं ताट जिन्यावर. त्याची आई मला म्हणाली होती, "इग्नाझ, हा जिवाचं काहीतरी करून घेईल हो." मलाही तीच धास्ती होती.

पुढचं मला किलियाननंच सांगितलं.

रात्री साडेनऊ. खाली कारखान्यात तो एकटा. "हान्स" कोरून झालं. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. बायको असेल.

"झोप जा तू," तो म्हणाला.

वळला. कुणी नाही. दार आतून लावलेलं. त्यानं पुन्हा छिन्नी टेकवली. आडनावाचं पहिलं अक्षर...

"मी फेडलंय."

हळू. कानाशी.

"कोण आहे?" तो गर्रकन वळला.

जमिनीवर दगडाची पांढरी भुकटी होती. तिच्यात पावलं उमटली होती. अनवाणी. थेट त्याच्या पाठीमागून निघालेली...

जिन्याकडे.

वर लोरेन्झ.

किलियान धावला. प्रत्येक पायरीवर पाऊल. दुसरा मजला. तिसरा. शेवटचं पाऊल लोरेन्झच्या दाराशी. परत फिरलेलं एकही नाही.

दार ढकललं.

खिडकी सताड उघडी. थंडी आत येत होती. आणि लोरेन्झ... खिडकीखाली जमिनीवर बसून रडत होता. जिवंत.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही मघाशी आलात म्हणून... मी चढलो होतो खिडकीवर. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. मग उतरलो."

किलियाननं त्याला छातीशी धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. आपण आलोच नव्हतो, हे त्यानं पोराला अजून सांगितलेलं नाही. कोरलेलं नाव त्याच रात्री घासून काढलं.

लोरेन्झच्या केसांत पांढरी भुकटी लागली होती. आईनं केस साबण लावून धुतले. तीनदा धुतले.

केस अजून तेवढ्या जागी पांढरेच उगवतात. पाचही बोटं मोजता येतात.