ओठांच्या मापाचं वाक्य

त्या दिवशी घरचं इंटरनेट बंद पडलं नसतं, तर मी डबिंग स्टुडिओची पायरी कधी चढलेच नसते. आम्ही भाषांतर करणारी माणसं घरी बसून लिहितो, मेल करतो आणि मोकळे होतो. पण मालिकेचा सातवा भाग त्याच सकाळी हवा होता. म्हणून पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि चार मजले चढून गेले. लिफ्ट अर्थातच बंद होती.

दार ढकललं, तर समोरच्या पडद्यावर माझीच मालिका चालू. मूळ इंग्रजी, मी स्पॅनिशमध्ये आणलेली. नवरा गेलेली एक बाई, तिचा सतत गळणारा नळ, आणि तो दुरुस्त करायला येणारा प्लंबर – एवढीच गोष्ट. दुसऱ्या भागात ती त्याला बजावते, ‘गुरुवारी तुम्ही मला इथे हवे आहात.’ मी लिहिलं होतं, ‘ते किएरो आकी एल ह्वेवेस.’

पडद्यावरची बाई म्हणाली, ‘ते किएरो.’

आणि गप्प झाली. प्लंबर आपला पाना पुसत राहिला.

“थांबवा!” मी ओरडले.

हेडफोन लावलेला माणूस खुर्चीसकट गर्रकन वळला. “आपण कोण?”

“हे वाक्य लिहिणारी. बाकीचं वाक्य कुठे गेलं?”

“कापलं,” तो शांतपणे म्हणाला. “बाईंचं तोंड मिटलं होतं, तुमचं वाक्य अजून चालूच होतं.”

“तुम्हाला स्पॅनिश येतं?”

“नाही. मला ओठ येतात.”

बोलून गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं असावं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माझा पारा चढलेला होता.

“अहो, किएरो म्हणजे हवं! पण माणसाला नुसतं ‘ते किएरो’ म्हटलं, की त्याचा अर्थ होतो – माझं तुमच्यावर प्रेम आहे. दुसऱ्याच भेटीत ती बाई प्लंबरला प्रेमाची कबुली देतेय!”

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “तरीच म्हटलं… हा माणूस इतका थंड कसा.”

मला हसू आलं, आणि हसू आलं याचा आणखी राग आला.

हा दुसरा भाग त्याच दुपारी चार वाजता पाठवायचा होता. आवाज देणाऱ्या बाई मुलीकडे गेल्या होत्या, फोन लागत नव्हता. मग आम्ही दोघं त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एक ‘आकी’ शोधत बसलो. ‘आकी’ म्हणजे इथे. पहिल्या भागात सापडला, मांजराला हाक मारताना म्हटलेला. त्याने तो इतका अलगद जोडला की सांधा कळेना. गुरुवार गेला तो गेलाच, पण निदान ‘तुम्ही मला इथे हवे आहात’ एवढं झालं आणि बाईंची अब्रू वाचली.

“मास्तरीणबाई,” तो म्हणाला, “उरलेले भाग तुम्ही इथेच बसून करा. नाहीतर माझ्या हातून ती कुणाशी तरी लग्न करेल.”

झालं! रोज दुपारी चार मजले. आणि मालिका तरी कसली! दर तिसऱ्या वाक्याला त्या बाईला काहीतरी हवं असायचं, नाहीतर कशाची तरी उणीव भासायची. इंग्रजीत एकच ‘वाँट’ – चहा मागा, माणूस मागा, जुन्या पुस्तकांत तर उणीवसुद्धा त्याच शब्दाने सांगतात. स्पॅनिशमध्ये मात्र एक शब्द फार तापलेला, दुसरा औषधाच्या चिठ्ठीसारखा कोरडा, आणि जो नेमका बसायचा तो हा माणूस नापास करायचा.

“लांब आहे.”

“अहो, नवऱ्याच्या फोटोसमोर उभी आहे ती. ‘आय मिस यू’ म्हणतेय. त्याला असंच म्हणतात, ‘ते एचो दे मेनोस’.”

“तोपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचते. चार अक्षरांत द्या.”

मी पेन आपटलं. “मे फाल्तास. घ्या!”

तो ताडकन उठला. “म! ओठ मिटतात! तिच्या ‘मिस’वर हा ‘मे’ बसवतो, पुढचं माझ्याकडे लागलं… अर्थ काय याचा?”

“शब्दशः? तू मला कमी पडतोस.”

“माणूस कमी पडतो?”

“मीठ कमी पडावं तसा. बाकी सगळं असतं, पण घास उतरत नाही.”

त्याने हेडफोन उतरवले. नुसता बघत राहिला. काचेपलीकडे आवाजाच्या बाई माइकसमोर थांबलेल्या, आणि आम्ही दोघं – छे! मी उगाच कागद चाळू लागले.

घरी ताई रोज विचारायची, “तू तिथे भांडायला जातेस ना? मग आरशासमोर अर्धा तास कशाला?”

“केस विस्कटतात. चार मजले आहेत.”

“ते चढल्यावर विस्कटतात गं. तुला नक्की हवंय तरी काय?”

दिवसभर हव्या-नकोचे शब्द तोलणारी मी… कंगवा शोधायला आत गेले.

शेवटच्या भागात घोळ झाला. प्लंबर निघालाय, बाई दाराशी उभी आहे, तिचे ओठ जरासे हलतात आणि मिटतात. मूळ इंग्रजीतही तिथे शब्द नाही.

“इथे काहीतरी घाला,” तो म्हणाला. “लोकांना वाटेल, आवाज गेला.”

“काही घालायचं नाही. तिला शब्द सुचत नाही.”

“सुचत नाही, की धीर होत नाही? वीस भाग झाले, बाई नुसती दाराशी उभी! बघून वैताग येतो.”

“मग त्याने बोलावं की! त्याला तोंड नाही? नळ काय रोज गळतो?”

“त्याला कसं कळणार, ती भांडायला थांबते की –”

“तुला काहीच कसं कळत नाही!”

तू. मी त्याला ‘तू’ म्हणाले होते. मी पर्स उचलली आणि निघून आले. तो प्रसंग त्याने नि:शब्दच ठेवला, हे नंतर कळलं.

दहा दिवस फोन नाही. मीही केला नाही. ताई दोनदा म्हणाली, “अगं, तू कर.” तिसऱ्यांदा तिने नुसता कपाळावर हात मारला.

अकराव्या दिवशी स्टुडिओतल्या रिसेप्शनवालीचा फोन आला, कागदावर सही राहिली म्हणून. मी आपलं सहज विचारलं, “तुमचे रेकॉर्डिस्ट काय म्हणतात?”

“ते? ते सोडून चाललेत ना. आज सामान आवरताहेत.”

केस तसेच टाकून मी धावले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो समोर आला. हातांत वायरींनी भरलेला खोका, त्यावर हेडफोन.

“तुम्ही –” तो म्हणाला.

“एक शब्द बोलू नकोस.” मला धाप लागली होती. “सगळे शब्द पाहून झाले माझे. एक लांब होतो, एक थंड पडतो, तिसरा भलतंच सांगतो. मला तू हवा आहेस. बस्स. आता जायचं असेल तर जा.”

त्याचे डोळे हसायला लागले. “जायला तर हवंच. खोली घेतलीय, स्वतःचा स्टुडिओ.”

“कुठल्या गावी?”

“दुसऱ्या मजल्यावर.”

“…काय?”

“या पायऱ्यांचा कंटाळा आला होता.”

“आणि हे आधी सांगता आलं नाही? मी रस्ताभर –”

“तू इतकं छान बोलत होतीस. मध्ये कशाला तोडू?” मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “दहा दिवस तुझा नंबर काढतोय आणि ठेवून देतोय. म्हटलं, परत भांडलीस तर… आणि नाही भांडलीस तर? त्याचीच जास्त भीती वाटली.”

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते. त्याऐवजी हात आपोआप विस्कटलेल्या केसांकडे गेला.

“हात अडकलेत माझे,” तो पुटपुटला. “नाहीतर…”

“नाहीतर काय?”

त्याने खोका पायरीवर ठेवला.