कुणी राहिलंय का?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

माझ्या धाकट्या नणंदेच्या बाबतीत हे घडलं. मागच्या हिवाळ्यात, एका शनिवारी. अर्धं तिनं सांगितलेलं आहे. उरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

लहानपणी ती इतकी रडायची, की घरात तिचं नाव टिटवी पडलं. पुढे तेच रडं गळ्यात उतरलं म्हणा. स्वतः गाणी रचते, स्वतःच गाते. मोठ्या सभागृहांचे लोक तिचा फोनसुद्धा उचलत नसत.

तिला उभं केलं एका तळघरानं.

सायकलच्या दुकानाखाली टीचभर स्टेज आणि चाळीसेक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या डुगडुगणाऱ्या. ते चालवणारे काका कुणालाही गाऊ द्यायचे. टिटवी तिथे पहिल्यांदा गायली तेव्हा दुसऱ्याच ओळीला शब्द विसरली होती.

"परत घे," काका म्हणाले होते. "आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

तिथली एक पद्धत होती. कार्यक्रम संपला की दिवे घालवण्याआधी काका माईक हातात घेऊन विचारायचे, "कुणी राहिलंय का?" मग कोपऱ्यातून कुणीतरी लाजतबुजत उठायचं आणि आयुष्यातलं पहिलं गाणं चार माणसांसमोर म्हणायचं. टिटवी अशीच राहिलेल्यांतून पुढे आलेली.

आणि त्या शनिवारी अख्खी संध्याकाळ तिची एकटीची होती. पहिल्यांदाच.

दुपारी ती साउंड चेकला गेली. तळघरात फक्त ती आणि साउंडवाला दादा. तो मागे बटणांशी, कानांवर हेडफोन.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. नवऱ्याला शिव्या घाल."

"आधी शोधून तर दे."

दोघंही हसली. मग टिटवीला लहर आली. तिनं काकांसारखा आवाज जाड केला आणि रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, "कुणी राहिलंय का?"

...

दादानं बटणांवरून नजर न काढता म्हटलं, "दोघी एकदम बोलू नका गं. आणि तिला जरा मागे सरकायला सांग. श्वास फार येतोय."

"कुणाला?"

त्यानं मान वर केली.

स्टेजवर टिटवी एकटीच होती.

वायर खराब असेल म्हणून त्यानं वायर बदलली. पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी एक छोटा स्पीकर ठेवतात ना... त्यातून कुणीतरी हळूच खाकरलं. पाळीची वाट बघत बसलेलं माणूस उठताना खाकरतं, तसं.

मग एकच शब्द.

"...मी."

तेवढ्यात काका खाली आले. टिटवीनं हसत हसतच सगळं सांगितलं.

काका हसले नाहीत.

"रिकाम्या हॉलमध्ये विचारलंस?"

"गंमत केली हो, काका."

"मी माणसं बसलेली असतानाच विचारतो," ते म्हणाले. "म्हणजे मग उठतं ते माणूसच असतं."

"मग आता? रद्द करू?"

काकांनी पुढची एक खुर्ची सरळ केली. "तुझं तू ठरव. पण विचारलंयस, तर पाळी द्यावी लागेल."

टिटवीनं रद्द केलं नाही. मी तिला दोष देत नाही. किती वर्षं वाट पाहिली होती पोरीनं.

संध्याकाळी सगळ्या खुर्च्या भरल्या. मी मुलीला मांडीवर घेऊन अगदी कडेला, दाराजवळ बसले. रडली तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून. पहिली तीन गाणी सुरेख झाली.

चौथ्याला टिटवीनं तोंड उघडलं...

आवाजच फुटला नाही.

ती सांगते, घशाला आतून कुणीतरी बोट लावलं होतं. दुखत नव्हतं. लहान मुलाला गप्प करताना ओठांवर ठेवतो ना आपण, तसं.

आणि स्पीकरमधून गाणं सुरू झालं.

घोगरं, हळू. पुष्कळ दिवसांनी उघडलेल्या कुलपासारखं. तिनं न रचलेलं गाणं.

समोरच्यांना काही कळलं नाही. माईक तिच्या तोंडाशीच होता. मोठ्या सभागृहात तर कधीच कुणाला कळलं नसतं. पण एवढीशी जागा. मी कडेला. मला तिचा चेहरा एका बाजूनं स्पष्ट दिसत होता.

गाणं चालू होतं.

आणि टिटवीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

ती फक्त माझ्याकडे बघत होती.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. पाचव्या गाण्याला तिचा आवाज परत आला, पण टाळ्या तेवढ्या नाही पडल्या. त्या दिवशी काकांनी शेवटचा प्रश्न विचारला नाही. दिवे तसेच ठेवून सगळ्यांना बाहेर काढलं.

जिन्यातच एका मोठ्या सभागृहाचे व्यवस्थापक तिला भेटले. "आमच्याकडे या," ते म्हणाले. "फक्त ते चौथं गाणं हवं. त्याच्याशिवाय नको."

ज्या बोलावण्याची टिटवीनं इतकी वर्षं वाट पाहिली, ते आलं. तिनं अजून होकार दिलेला नाही.

तिला ते गाणं येतच नाही.

मीही एक गोष्ट सोडलीय. रोज ओटा आवरण्याआधी मी घरात हाक मारायचे, "कुणी राहिलंय का जेवायचं?" आता नाही मारत. खोल्याखोल्यांत जाऊन बघून येते.

पण मुलं ऐकत असतात.

परवा दुपारी मुलगी बाहुल्या मांडून बसली होती. चमचा एकेकीच्या तोंडापुढे धरून गाणं म्हणायला लावत होती. मी हसून बघत होते. सगळ्या बाहुल्या झाल्या. तिनं मान वर केली.

"कुणी लाहिलंय का?"

मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती...

आणि चमचा पुढे करत होती.