गाडी निघालीय

खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. मी तिथे होतो आणि भोगलं ते माझ्या सख्ख्या वहिनीने, एवढंच सांगतो. अंधारी रात्र वगैरे काही नव्हती. सगळं लख्ख उजेडात घडलंय.

आमचं ऑफिस म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स पाठवणारं कॉल सेंटर. काचा कायम बंद, ओळीने टेबलं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. वहिनी तिथे फोन घ्यायची. मी पलीकडच्या खोलीत सिस्टीम सांभाळायचो.

आलेला प्रत्येक कॉल आधी कॅशमध्ये जायचा. कॅश म्हणजे रोख नव्हे. दादालाही आधी तेच वाटलं होतं, बिचारा उगाच खूश झाला. ही क्लाउडवर भाड्याने घेतलेली झटपट मेमरी. गाडी मिळेपर्यंत कॉल तिथेच थांबायचा. दुसरीकडे कुठेही नाही.

आणि आमच्याकडे एक पद्धत होती. कॉल नोंदवला की ऑपरेटरने लगेच म्हणायचं, "गाडी निघालीय." गाडी अजून मिळालेली नसली तरी. माणसाला धीर येतो म्हणून.

त्या दुपारी आमच्या सिस्टीम विभागाच्या साहेबांनी भाडं वाचवायला कॅशचा आकार कमी करायला घेतला.

"साहेब, आत्ता नको," मी म्हटलं. "लोक थांबलेत. आपल्या कॅशला जोडीला दुसरी प्रत नाही. आकार बदलला की आतलं सगळं पुसलं जाईल."

"अरे, तुझ्यापेक्षा मोठ्या सिस्टीम हलवल्यात मी. जोडणी क्षणभर तुटते, परत येते. कुणाला पत्ताही लागत नाही."

त्यांच्या आधीच्या कंपनीत जोडीला दुसरी प्रत होती. एकीचा आकार बदलताना दुसरी काम सांभाळायची. आमची एकटीच होती. ते बघायची तसदी त्यांनी घेतली नाही.

बटण दाबलं.

हॉलमधले सगळे स्क्रीन गोठले...

परत सुरू झाले. रिकामे.

थांबलेल्या लोकांनी चिडून पुन्हा फोन केले. एका आजीने केला नाही.

कशाला करेल? वहिनीने तिला सांगितलं होतं ना, गाडी निघालीय. एकटी राहायची. दार उघडं ठेवून ती वाट बघत बसली. शेजाऱ्यांना सापडली तेव्हा खुर्चीतच होती, तोंड जिन्याकडे.

साहेबांनी वर कळवलं की ऑपरेटरने कॉल नोंदवलाच नाही आणि गाडी निघाल्याचं खोटं सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये वहिनीचा आवाज होता. नोंद कुठेच नव्हती. मी ऊर फुटेस्तोवर ओरडलो, पण मी पडलो तिचा दीर. माझं कोण ऐकणार?

वहिनीची नोकरी गेली. आजीच्या मुलाने आमच्या दारात येऊन तिला खुनी म्हटलं. तिने घराबाहेर पडणं सोडलं. साहेब मात्र ऑफिसात शीळ घालत फिरायचे.

मला एकच हवं होतं. त्या माणसाने एकदा खरं बोलावं.

छोटी केलेली कॅश लवकरच तुंबायला लागली. परत मोठी करणं भाग होतं. या वेळी साहेबांनी सगळे फोन आधी दुसऱ्या केंद्राकडे वळवले. तेव्हा सुचलं नव्हतं, आता बरोबर सुचलं.

आकार वाढला. आत शून्य नोंदी असायला हव्या होत्या.

एक होती...

आजीचा पत्ता.

साहेबांनी ती पुसली. शून्य.

आम्ही बघत होतो...

एक.

"हा तुझा चावटपणा आहे!" साहेब माझ्या अंगावर आले.

मी दोन्ही हात वर केले. तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. वहिनीच्या रिकाम्या टेबलावरचा.

फोन तर सगळे वळवलेले होते.

साहेबांनी जाऊन उचलला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कुणीतरी... म्हातारी. विचारतेय, कुठपर्यंत आली?"

त्या दिवसापासून साहेब ऑफिसला आले नाहीत.

मग एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. घरी एकटेच होते. फोन आमच्याकडेच लागला. नव्या ऑपरेटरने पत्ता घेतला आणि पुढे लाइनवर नुसती खरखर सुरू झाली. तरी तिने नोंद केली, गाडी दिली.

ड्रायव्हरने पोहोचून कळवलं, "इथे कुणीच नाही. दार सताड उघडं आहे... आत फक्त एक खुर्ची."

आमच्या स्क्रीनवर साहेबांचा पत्ता होता. ड्रायव्हरच्या मोबाइलवर आजीचा.

दुसरी गाडी पाठवली. तीही आजीच्याच दारात.

शेवटी मी तिसऱ्या ड्रायव्हरला तोंडी पत्ता सांगितला. हो, त्या माणसासाठी मीच धडपडलो. गाडी पोहोचली तेव्हा साहेब संपले होते. फोन कानालाच होता.

संध्याकाळी ते रेकॉर्डिंग काढायचं काम माझ्यावर आलं.

सुरुवातीला आमच्या नव्या ऑपरेटरचा आवाज. पत्ता. मग खरखर...

मग दुसराच आवाज. म्हातारीचा, थकलेला.

"गाडी निघालीय."

"नाही निघाली!" साहेब ओरडले. "मला माहितीये, नाही निघाली!"

"माझी नोंद कुणी पुसली?"

"मी... मी पुसली. त्या बाईने नोंदवली होती, तिची चूक नव्हती. आता तरी पाठवा हो!"

"बस वाट बघत."

पुढे फक्त साहेबांचा श्वास आहे. बराच वेळ.

नव्या ऑपरेटरने यातला शब्दही ऐकला नव्हता. तिने मुलांची शपथ घेतली.

वहिनीवरचा डाग पुसला गेला. आजीच्या मुलाने येऊन हात जोडले. तिला कामावर परत बोलावलं, ती गेली नाही. तिने मला एकच गोष्ट मागितली. मी ते रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर घेतलं आणि तिला ऐकवलं. वाटलं, रडेल, मोकळी होईल.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. तो श्वास थांबेपर्यंत.

"भावजी," ती म्हणाली, "परत लावा."

तेव्हापासून रोज लावायला सांगते. दादा कामावर गेला की आम्ही दोघं जेवायला बसतो, ती मोबाइल ताटाशेजारी ठेवून घेते. साहेबांचा श्वास अडखळायला लागला की भात वाढून घेते, आणि पोटभर जेवते.

समोर बसून माझा घास मात्र उतरत नाही.